जाडी एकोणीस मिलिमीटर

"घाईत घेतलेली वस्तू आणि घाईत केलेली मोजणी, दोन्ही शेवटी कोर्टात जातात," असं आमचे घरमालक म्हणायचे. मोजणी खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे कोर्टाशी त्यांचा संबंध बराच आला होता. वस्तूंशी मात्र फारसा आला नाही, कारण ते वस्तू घेतच नसत. ते वस्तू बघत.

मी त्यांना काका म्हणत असे. भिसेगावात त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली आणि बाहेर न्हाणीघर, एवढ्यात मी अडीच वर्षं राहिलो. खोली देण्यापूर्वी त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि माझी उंची मोजली. मी घाबरलो. पोलिसांत द्यायची आहे की काय, असं वाटलं. तर न्हाणीघराचं दार ठेंगणं होतं आणि आधीच्या भाडेकरूला सहा महिन्यांत चार टेंगळं आली होती. "तू बसतोस," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याआधी दोन जण केवळ उंचीमुळे नापास झाले होते, हे नंतर काकूंकडून कळलं.

काकूंकडे अशा गोष्टींचा साठा होता. "कुकर घ्यायला म्हणून हे बाहेर पडले ते चौदा महिन्यांनी कुकर घेऊन आले," असं त्या कुणालाही सांगत. "तोपर्यंत मी डाळ पातेल्यात शिजवली. माझ्या वेळेला कसे तयार झाले कोण जाणे. बहुतेक सासऱ्यांनी बघू दिलं नसेल." काका शांतपणे म्हणत, "कुकरची शिट्टी तरी अजून पहिलीच आहे." आणि ते खरं होतं. त्यांच्या घरातली कुठलीच वस्तू कधी दुरुस्तीला जात नसे. त्यामुळे त्यांना हसता यायचं, पण चूक काढता यायची नाही.

चालताना ते पावलं मोजत. कुणी मध्ये बोललं की हात वर करून थांबवत, आकडा मनात पक्का करत आणि मग विचारत, "हं, काय म्हणत होतास?" घरापासून स्टेशन किती पावलं, बाजार किती, दवाखाना किती, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "पावलं वाढली की समजायचं, गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरला कशाला पैसे द्यायचे?"

मी राहायला गेलो तेव्हा ते कॅमेरा बघत होते. आज हे सांगताना मजा वाटते, पण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा ही मोठी गोष्ट होती. फोनमध्ये कॅमेरे आले होते, पण त्यातल्या फोटोत माणूस आहे की म्हैस, हे आधी सांगावं लागे. काकांचं मत ठाम होतं. "फोन बोलायला. त्यात कॅमेरा म्हणजे छत्रीच्या दांड्यात बसवलेली शिट्टी."

मी खालापूरकडच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. रोज सकाळी कर्जतहून कंपनीची बस असे. माझ्या टेबलावर इंटरनेटवाला कॉम्प्युटर आहे, हे कळल्या दिवसापासून काकांची माझ्यावरची माया वाढली. दर शनिवारी मी दोन-चार नव्या कॅमेऱ्यांची माहिती छापून आणायची आणि रविवारी सकाळी काकूंचे पोहे खात आम्ही ती वाचायची, असा रिवाज पडला. काका एका लांबट वहीत सगळं उतरवून घेत. लांबी, रुंदी, जाडी, वजन, बॅटरी किती फोटो चालते, झूम खरा आहे की नुसता फुगवलेला, बटण दाबल्यावर फोटो निघायला किती उशीर लागतो. कंपन्यांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. ते कॅमेऱ्यांना चंदेरी, काळा, निळा लांबट अशा नावांनी ओळखत आणि मुलीसाठी स्थळं आल्यासारखी त्यांची चर्चा करत. "चंदेरी दिसायला बरा आहे रे, पण उजेड कमी झाला की गोंधळतो. काळा गुणी आहे. पण जाड."

सगळं जाडीवर येऊन अडायचं. एकोणीस मिलिमीटर. त्याच्या वर एक केसभरही नको. शर्टाच्या खिशात ठेवला तर बाहेरून दिसता कामा नये.

"कॅमेरा दिसला की माणूस ताठ होतो," ते एकदा म्हणाले. "आम्ही मोजणीची साखळी घेऊन शेतात उतरायचो ना, तेव्हा बघितलंय. तोपर्यंत हसत बिडी ओढणारा माणूस साखळी बघितली की खांबासारखा उभा राहायचा. कॅमेराही तसाच. काढायच्या आधी कळता कामा नये."

कुणाला कळता कामा नये, हे मी विचारलं नाही. बॅटरीबद्दल विचारलं, मेमरी कार्डाबद्दल विचारलं, एकदा तर एकोणीसच का, अठरा का नाही, असंही विचारलं. फोटो कुणाचा काढायचाय, एवढा साधा प्रश्न मला अडीच वर्षांत सुचला नाही.

बाजारातले दुकानदार त्यांना ओळखून होते. ते खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर काढत, काउंटरवरचा कॅमेरा त्यात धरत आणि म्हणत, "तुमच्या कागदावर अठरा पॉइंट चार लिहिलंय. हा अठरा पॉइंट नऊ आहे. लेन्सचा उंचवटा धरलेला नाही." एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन हात जोडले. "साहेब, काकांना सांगा, एकदा घ्या नाहीतर एकदा नाय म्हना. आमाला पण धंदा करायचा हाय."

मग काकांनी एक वेगळीच युक्ती काढली. सुताराकडून पसंतीच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून घेतला, घासून गुळगुळीत केला, आणि एकेक तुकडा एकेक आठवडा शर्टाच्या खिशात ठेवून ते हिंडू लागले. वाकताना टोचतो का, घामाने शर्ट चिकटला की दिसतो का, खिशातून काढायला किती वेळ लागतो. खिडकीत उभे राहून ते तुकडा झटकन बाहेर काढत, डोळ्यांसमोर धरत आणि तोंडाने हळूच 'टक्' म्हणत. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "आला का फोटो? माझा काढू नका, मी पारोशी आहे!"

एकदा कंपनीच्या बसमधून मी त्यांना रस्त्यावर बघितलं. पाताळगंगेच्या अलीकडे त्यांचं गाव लागायचं. काका रस्त्याकडेला बांधावर उभे होते, हातात प्लायवूडचा तुकडा. दूर खाचरात कुणी एक शेतकरी वाकून गवत काढत होता आणि काका त्याच्यावर तुकडा रोखून उभे होते. मी बसमधल्या सगळ्यांना ते दाखवलं. "आमचे घरमालक. लाकडाने फोटो काढतात." बस हसली. मीही खूप हसलो, आणि पुढे आठवडाभर ती गोष्ट कँटीनमध्ये नकलेसकट सांगत राहिलो. ती नक्कल मला चांगली साधली होती. आज आठवली की लाज वाटते.

माझ्या तिसऱ्या पावसाळ्यात काकांचं ठरलं. काळ्याचीच नवी, बारीक आवृत्ती आली होती. साडेअठरा मिलिमीटर. अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. रविवारी आम्ही एसटीने चौकमार्गे पनवेलला गेलो. दुकानात काकांनी कॅलिपर लावला, दोनदा लावला, आणि चक्क मान हलवली. नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. मी त्यांना इतक्या लवकर पैसे काढताना कधी बघितलं नव्हतं.

आणि मी तोंड उघडलं. आदल्याच दिवशी मी वाचलं होतं की त्याच कंपनीचा आणखी बारीक कॅमेरा दिवाळीत येतोय आणि हा तेव्हा स्वस्त होईल. एवढी ताजी माहिती माझ्याकडे असताना गप्प कसा बसणार? "काका, थांबा की," मी म्हणालो. "गणपती तर झाले. आता काय घाई आहे? दिवाळीला घेऊ."

काकांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्यासमोर कुणी बोरघाटाची उंची दोन फूट चुकीची सांगितली तरी ते तिथल्या तिथे सुधारत. त्या दिवशी त्यांनी काही सुधारलं नाही. नोटा उचलल्या, मोजून खिशात घातल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. दिवाळीला घेऊ." दुकानदाराने कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी काकू माडीवर आल्या. "उद्या आमच्याबरोबर गावाला ये रे जेवायला. आज संध्याकाळी तिथे गणपती बसतायत."

मी म्हणालो, "आता? पितृपक्षात?"

"अरे, साखरचौथीचा गणपती. आमच्याकडे भाद्रपदातल्या संकष्टीला बसतो, दुसऱ्या दिवशी विसर्जन. तुमच्या घाटावर नसतो वाटतं?"

आमच्याकडे नसतो. काहीतरी चुकलंय असं वाटलं, पण नेमकं काय ते अजून कळलं नव्हतं. ते कळलं दुसऱ्या दिवशी टमटममध्ये. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मागे काकू मला हळू आवाजात सांगत होत्या.

गावात काकांचे थोरले भाऊ राहत, दादा. वडील गेल्यावर वाटणी करायची ठरली तेव्हा दादा म्हणाले, बाहेरचा माणूस कशाला, घरात मोजणारा आहे, तूच माप टाक. काकांनी माप टाकलं. आयुष्यभर जसं टाकलं तसंच, इंचाला इंच. रेषा दादांच्या खळ्यातून गेली, आणि ज्या खळ्यावर दादा तीस वर्षं भात झोडत होते त्याचा मोठा तुकडा काकांकडे आला. दादांना वाटलं, आता हा म्हणेल, असू दे. पण काकांनी हद्दीचे दगड रोवले. मोजणी म्हणजे मोजणी. दादांनी दुसरीकडे नवं खळं केलं आणि बोलणं टाकलं. काकांनी त्या तुकड्यावर कधी पाय ठेवला नाही, पण दगडही काढले नाहीत. नऊ वर्षं झाली. वर्षातून एकदा, साखरचौथीला, दोघं भाऊ जुन्या घरात एकाच गणपतीपुढे उभे राहून आरती म्हणत. बोलत नसत.

"ह्यांच्याकडे दादांचा एकसुद्धा फोटो नाही," काकू म्हणाल्या. "गणपतीपुढे सगळेच फोटो काढतात. तेवढ्यात काढता येईल म्हणून तीन वर्षं चाललंय. दर साखरचौथीच्या आधी कॅमेरा घ्यायचं ठरतं, आणि दर वेळी काही ना काही निघतं."

त्या रविवारी निघालेलं काही ना काही मी होतो. बांधावरून लाकूड रोखलेलं ते खाचर कुणाचं, हेही मला तेव्हाच कळलं.

दादा काकांसारखेच दिसत, फक्त उन्हाने काळे पडलेले आणि अर्ध्या वजनाचे. त्या दिवशी त्यांनी दाढी गुळगुळीत केली होती. हनुवटीवर वस्तऱ्याची जखम होती. अंगात नवा पांढरा शर्ट होता, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. दुपारची आरती झाली, प्रसाद वाटला, बायका पानं वाढायला आत वळल्या. दादा गणपतीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. काकांकडे न बघता म्हणाले, "आणला का रं?"

माझ्यामागे कुणाच्या तरी हातातला डाव थांबला. काकांनी नुसती मान वर केली.

"कॅमेरा. तुजी बायको सांगत व्हती हिला. तीन वर्सं बघतोयस म्हनं."

"नाय," काका म्हणाले. नऊ वर्षांनंतरचा त्यांचा पहिला शब्द तो. "दिवाळीला घेतोय. नवीन येतोय."

मला राहवलं नाही. फोन काढून पुढे झालो. "दादा, मी काढतो ना!"

"तुमी नको," दादा म्हणाले. "त्याला काढू द्या. त्याला माप कळतं." ते टोमणा मारत नव्हते. अगदी सरळ बोलत होते.

मी फोन काकांच्या हातात कोंबला. काकांनी तो डोळ्यांसमोर धरला. त्या इवल्या पडद्यावर दादा होते, गणपती होता, खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. एक बटण दाबायचं होतं. काका बघत राहिले, आणि मग त्यांनी फोन खाली केला.

"दोन मेगापिक्सेल," ते म्हणाले. "यात दादा नीट यायचा नाय."

दादा हसले. पुढचे दोन दात पडलेले होते. "मंग दिवाळीला काढ. नऊ वर्सं थांबलो, दिवाळी काय लय लांब नाय."

परत येताना काका गुणगुणत होते. पावलं मोजायची विसरले आणि स्टँडवरून चुकून भलत्याच गल्लीत शिरले. काकूंनी पदराने डोळे पुसले. मीही खूश होतो. भाऊ बोलले होते, फोटोचं काय, महिन्याभराने निघेल. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

नवरात्रात, तिसऱ्या माळेला, दादांना ताप आला. सगळा पावसाळा खाचरातल्या चिखलात काढणाऱ्या माणसाला कधी कधी गाठतो, तो ताप. डोळे पिवळे झाले. पनवेलला हलवेपर्यंत उशीर झाला होता. सातव्या माळेला दादा गेले.

बाराव्याला भिंतीवर हार घालायला फोटो हवा होता. शोधाशोध करून मतदार ओळखपत्र सापडलं. त्यावरचा नखाएवढा फोटो कर्जतच्या एका स्टुडिओने पाटाएवढा मोठा करून दिला. त्यात दादा नव्हते. राखाडी ठिपक्यांचा कुणीतरी एक माणूस होता. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, मान पुढे करून.

"कान असे नव्हते रे त्याचे," ते मला म्हणाले.

मी मागच्या दाराने बाहेर आलो आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या फोनवर दोन मेगापिक्सेलचे का होईना, पण दादांचे खरे कान आले असते. नवा शर्ट आला असता, हसणं आलं असतं. कुणालाही न विचारता मी बटण दाबायला हवं होतं. ऑफिसातल्या निरोपसमारंभांचे मी पन्नास फोटो काढले होते, समोशांच्या ताटांचेसुद्धा.

दिवाळी आली. नवा कॅमेरा आला आणि काळ्याची किंमत उतरली. माझा सल्ला तंतोतंत खरा ठरला. इतका बरोबर सल्ला मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, आणि इतका वाईटही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काका खालून हाक मारत म्हणाले, "चल, घेऊन येऊ." मला वाटलं होतं, आता ते कॅमेऱ्याचं नाव काढणार नाहीत. पनवेलच्या त्याच दुकानात त्यांनी पैसे ठेवले, समोर आलेलं खोकं उचललं. कॅलिपर काढला नाही, जुना की नवा विचारलं नाही. दुकानदारच कावराबावरा झाला. "काका, उघडून तरी बघा!" तिथून आम्ही घरी न जाता थेट गावाला गेलो.

भातकापणी चालली होती. पिकाला दुखवटा कळत नाही. दादांच्या पत्नी, वहिनी, खाचरातून वर आल्या, हातात विळा, पदर खोचलेला, केसांत भाताचं कुसळ. काकांच्या हातातला कॅमेरा बघून जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, आता रडतील.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माजा काढा."

"काढतो. तुम्ही हातपाय धुऊन या वहिनी. ऊनही जरा उतरू द्या, तोंडावर सावली येतेय..."

"थांबायचं नाय आता. हाय तशी काढा."

काकांनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. कितीतरी महिने लाकडाच्या तुकड्यावर सराव केलेले हात, पण एवढे कापत होते की मी धरायला पुढे झालो. त्यांनी मला कोपराने दूर सारलं आणि बटण दाबलं.

फोटो हलला होता. वहिनींचा चेहरा पुसट होता, डोळ्यांच्या जागी दोन ओरखडे. मी म्हणालो, "आणखी एक काढू या काका, पटकन." वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "मीच हाय की." आणि काका, ज्यांनी अर्ध्या मिलिमीटरवरून दुकानदारांना रडवलं होतं, ते म्हणाले, "असू दे."

संध्याकाळी आम्ही टमटमची वाट बघत रस्त्यावर उभे होतो. सबंध महिनाभर जे बोलायचं धाडस होत नव्हतं ते मी बोलून टाकलं. "काका, मला साखरचौथ माहीत नव्हती. गणपती झाले असंच वाटलं मला. नाहीतर मी थांबा म्हणालो नसतो."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "तू घाटावरचा. तुला माहीत नाही, हे दुकानातच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे घ्यायला लावला असतास."

एक टमटम आली, भरलेली होती, न थांबता गेली. तिच्या मागच्या धुळीकडे बघत काका म्हणाले,

"कॅमेरा हातात आला असता तर चोरून काढणं काही मला जमलं नसतं, दादाला विचारावं लागलं असतं. आणि तो नाय म्हणाला असता तर?"

याचं उत्तर दादांनी दिलेलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.